वादळाचं शेपूट

नागपूरकराला समुद्र विचारा, तो मुंबईचं नाव घेईल. नकाशा वेगळंच सांगतो. नागपूरहून विशाखापट्टणम किंवा मच्छलीपट्टणमचा किनारा सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर, आणि मुंबईचा ७०० च्या आसपास. म्हणजे आमचा सख्खा समुद्र बंगालचा उपसागर. मंत्रालयात खेटे घालावे लागतात म्हणून तेवढी ओळख अरबीशी.

ही गोष्ट शहरात मोजक्याच लोकांना पक्की ठाऊक असते. हे लोक म्हणजे हवामानाचे शौकीन. उन्हाळ्यात ते सुस्त असतात. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्यानंतर ४५-४६ ला कोण विचारतो? पावसाळ्यात तर सगळं गावच तज्ज्ञ होतं. यांचा खरा हंगाम ऑक्टोबर सरता सरता सुरू होतो. मोसमी पाऊस परतलेला असतो, पण उपसागराचं पाणी अजून चांगलं गरम असतं आणि वरच्या वाऱ्यांची ओढाताण कमी झालेली असते. अंदमानच्या बाजूला ढगांचा एक पुंजका दिसला, की यांची झोप उडालीच.

आमच्या चहाच्या टपरीवर असे एक काकाजी आहेत. सेवानिवृत्त, मफलर नोव्हेंबरपासूनच गळ्यात. त्यांच्या मोबाइलवर वाऱ्यांचा रंगीत नकाशा कायम फिरत असतो. मोबाइलच्या काचेला गेलेला तडा बरोबर नेल्लोरपासून निघून चंद्रपूरवरून नागपुरात येतो. वादळाचा मार्ग दाखवताना काकाजींचं बोट नकळत त्या तड्यावरूनच चालतं. चहावर साय धरते, पण बोट थांबत नाही.

"येऊन राहिलं का, काकाजी?"

"येऊन राहिलं ना! सध्या नुसतं डिप्रेशन आहे. उद्या वळते का पाहू."

ही पायरी-पायरीची चढण त्यांना तोंडपाठ आहे. आधी कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन, आणि वारे ताशी ६२ किलोमीटरला पोचले की चक्रीवादळ. मगच बारसं. नावं १३ देशांनी देऊन ठेवलेली असतात, त्यामुळे थायलंडचं फेथाई आंध्रात येतं आणि म्यानमारचं मिचाँगही तिथंच. टपरीवर दोन पक्ष आहेत : एक युरोपीय मॉडेलवाला, दुसरा अमेरिकन मॉडेलवाला. अमेरिकन मॉडेल दहा दिवस आधीच वादळ उठवून देतं, युरोपीय जरा घुमं आहे. काकाजी युरोपीय पक्षाचे. दोन्ही पक्ष सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज मात्र गुपचूप पाहतात.

डिसेंबरात गंमत अशी होते की नागपुरात दोन वादळांचे अंदाज एकदम सुटतात. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं येतं, आणि ते 'वादळी ठरणार' असं वर्तमानपत्रं दरवर्षी छापतात. २०२३ मध्ये मिचाँग ५ डिसेंबरला बापटलाजवळ किनाऱ्यावर चढलं आणि ७ डिसेंबरला इथं अधिवेशन सुरू झालं. मिचाँगचा अंदाज जास्त बरोबर आला, एवढंच नोंदवतो. खऱ्या पावसानं सभागृह बंद पाडायलाही नागपूरच लागलं. २०१८ साली पावसाळी अधिवेशन हौसेनं इथं आणलं आणि ६ जुलैला विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीतच पाणी शिरलं. दिवसभराचं कामकाज गेलं. विरोधकांना एवढं एकमतानं कधी जमलं नव्हतं.

असो. वादळ किनाऱ्यावर चढलं, की त्याची वाताहत सुरू होते. खालचं गरम पाणी संपतं, त्यावर तर त्याचं पोट चालतं. जमिनीचं घर्षण आणि डोंगर वाऱ्याचा जोर खातात. तेलंगण ओलांडेपर्यंत ते पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र झालेलं असतं. आमच्या वाट्याला शेपूट येतं. आभाळ राखाडी, पूर्वेचा ओलसर वारा, मधूनच भुरभुर. दिवसा स्वेटर काढवत नाही आणि ढगांच्या पांघरुणामुळे रात्री पंखा लावावासा वाटतो. वाळत घातलेलं धोतरसुद्धा नीट उडत नाही. तरी शौकीन मंडळी गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहून येतात.

कधी कधी शेपटीतही जीव असतो. सप्टेंबर २०२१ मधलं गुलाब २६ तारखेला कलिंगपट्टणमजवळ चढलं, तेलंगण, विदर्भ, मराठवाड्याच्या अंगावरून रखडत पलीकडे अरबी समुद्रात उतरलं, तिथं पुन्हा उठलं, शाहीन झालं आणि थेट ओमानवर जाऊन आदळलं. ही हकिकत सांगताना काकाजींचा चेहरा १९८३ चा विश्वचषक पाहिलेल्या माणसासारखा होतो.

हा शौक थोडा अप्पलपोटा आहे, यात शंका नाही. वादळ तर मोठं हवं, पण आपल्याला फक्त ढग पाहिजेत. नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्रातल्या दिवीसीमेत समुद्र आत घुसला आणि हजारो माणसं गेली. तो किनारा आठवला की टपरीवरचा आवाज खाली येतो. किनाऱ्यावरच्यांसाठी वादळ म्हणजे जिवाशी गाठ असते, आमच्यासाठी करमणूक. आणि किनाऱ्यापर्यंत तरी कशाला जायचं? काटोलकडचा एक शेतकरी अधूनमधून त्याच बाकावर येऊन बसतो. त्याला रंगीत नकाशात काही रस नाही. तूर फुलावर, कापसाचा दुसरा वेचा बाकी, भंडाऱ्याकडच्या साळ्याच्या बांधीत धानाच्या कडपा पडलेल्या. चार दिवस ढग राहिले की तुरीवर अळी, हरभऱ्यावर अळी. त्याच्या लेखी हे शेपूटच खरं वादळ.

त्याला ढग गेल्यानंतरची थंडी तेवढी हवी असते, गव्हाला मानवते. डिसेंबर २०१८ मध्ये फेथाई १७ तारखेला आंध्रात चढलं, विरलं, उत्तरेचा वारा मोकळा झाला आणि २९ तारखेला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. तेव्हा काकाजींनी मफलरवर मफलर चढवला होता.

परवा तो शेतकरी आला आणि उभ्यानंच म्हणाला, "काय म्हणून राहिलं बाप्पा तुमचं यंत्र?"

काकाजींनी या वेळी तड्यावरून बोट नेलं नाही. चष्मा लावला, आकडे पाहिले. "शुक्रवारच्या आत कापूस येचून घे. फवारणी आत्ता नको करू, धुऊन जाईल."

"पक्कं?"

"युरोपवाले म्हणून राहिले."

"आन् अमेरिकेवाले?"

"त्यांचं सोड. त्यांनी मागच्या आठवड्यात कामठीत पूर आणला होता."