चालशे!

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागात कुठल्याही गल्लीत शिरा, एक आप्पा भेटतोच. मूळचा धुळे-नंदुरबारकडचा, ताप्ती लाइनच्या गाडीने लूमवर कामाला आलेला आणि नंतर कधीतरी हातात वेल्डिंगचा होल्डर धरलेला. दुकानाची पाटी गुजरातीत, शिव्या अहिराणीत आणि भाव किलोवर.

हे किलोवरचं तेवढं ध्यानात ठेवा. आप्पांच्या सांध्यावर मुंगळ्यांच्या वारुळासारखा जो ढीग दिसतो, त्याला ते 'मजबुती' म्हणतात. काट्यावर ती मजबुती आपल्याच खिशातून मोजली जाते.

माझ्या फाटकाचं काम त्यांनी भर जुलैत घेतलं. रॉडचं पाकीट उघडंच, पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलेलं. रॉडवरच्या लेपाने ओल धरली की वेल्डिंग करताना तिचा वायू होतो, तो वितळलेल्या धातूत अडकतो आणि भोकं पडतात. मी बोट ठेवून दाखवलं, तर आप्पा म्हणाले, "भाऊ, जाळी पडली." अनारशाला जाळी पडली तर सुगरणीचं कौतुक होतं, हे मलाही मान्य आहे.

पुढच्या सांध्यावर करंट जास्त झाला. उंदराने भाकरीची कड कुरतडावी तशी पाइपाची कड खाल्ली गेली. मग करंट इतका कमी केला की रॉडच चिकटून बसला. तो हिसडून काढताना आप्पांनी रॉडच्या कंपनीचा उद्धार केला. पहिल्या थरावरची खपली न काढताच दुसरा थर चढला. वरून सांधा चकचकीत, आत लोखंडाला लोखंड भेटलंच नाही. काही विचारलं की एकच उत्तर: "चालशे!" गुजरातीतला हा एकच शब्द आप्पा अस्खलित बोलतात, आणि धंद्याला तेवढा पुरतो.

त्यांचा भाचा हजिऱ्याला कामाला आहे. पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप न फिरवता चहूबाजूंनी जोडायचा, ती 'सिक्स-जी' परीक्षा तो पास झालाय. हजिरा म्हणजे काय साधी जागा नव्हे. फ्रान्समध्ये 'इटर' नावाची अणुसंमीलनाची प्रचंड भट्टी उभी राहते आहे. तिचं ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट, म्हणजे पोलादी निर्वात भांडं, लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात घडवलं. शेवटचा मोठा भाग २०२०च्या जूनअखेरीस रवाना झाला. भाचा सांगतो, तिकडे रॉड आधी भट्टीत भाजतात आणि गरम डब्यातून कामावर नेतात.

"आन त्यांना परवा गृहप्रवेश असतो का?" आप्पांनी विचारलं. मी गप्प. गृहप्रवेश माझाच होता, आणि घासाघीस करून किलोमागचा भाव पाडणाराही मीच.

भाच्याने फाटकाभोवती एक फेरी मारली आणि मामांचा मान राखून हळूच बोलला, "मामा, डाय टेस्ट केली तर बरं." सांध्यावर लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरा फवारा मारायचा, जिथे तडा, तिथे लाल रेघ उमटते.

"लाल रंग तर आम्ही पन मारतो!" आप्पा खूश झाले.

आणि मारलाच. आधी ग्राइंडरने वारुळं घासून सपाट केली, भोकांत पुट्टी दाबली आणि वर रेड ऑक्साइडचे दोन हात. हजिऱ्यात तडा दिसावा म्हणून लाल रंग लावतात, उधन्यात दिसू नये म्हणून. फाटक इतकं देखणं झालं की शेजाऱ्यांनी आप्पांचा नंबर मागून घेतला.

संध्याकाळी आप्पांचे डोळे लाल. दिवसभर काळी काच कपाळावर होती, डोळ्यांवर नव्हती. बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून ते खाटेवर आडवे झाले होते. तशातही हिशेब बिनचूक सांगितला, पुट्टी धरून.

फाटक अजून उभं आहे. आम्ही ते ढकलत नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून उघडतो.