पैलवानाचं आजारपण

आमच्या घराचं माशांबद्दलचं ज्ञान बाजारात सुरू होतं आणि ताटात संपतं. सुरमईची तुकडी किती जाड हवी, बांगड्याचे कल्ले उघडून ताजेपणा कसा बघायचा, बोंबील किती वेळ दाबून ठेवायचे, यावर आई अधिकारवाणीनं बोलते. मालवण सोडून ठाण्यात आलो, खाडी दिसेल असा फ्लॅट घेतला, तरी जिवंत माशाशी आमची ओळख नव्हती. ती लेकीनं करून दिली. वाढदिवसाला तिला फायटर मासा हवा होता. गडद निळा, झुलत्या शेपटीचा, आरशात स्वतःला बघून कल्ले फुगवणारा. नाव ठेवलं पैलवान. त्याची पेटी जेवणाच्या टेबलाला लागून होती. बुधवारी आम्ही तळलेली तुकडी मोडायला घेतली की तो काचेशी येऊन बघत राही. आई त्याच्याकडे पाठ करून जेवायची.

एका सकाळी केर काढता काढता मावशी म्हणाल्या, "वहिनी, ही वांग्याची साल इथं कशी?" साल हलली.

हवेच्या नळीसाठी झाकणात ठेवलेल्या फटीतून पैलवानानं झेप घेतली होती आणि तो चपलांच्या स्टँडखाली येऊन पडला होता. अंगाला केरातली लव चिकटलेली, शेपटीच्या चिंध्या झालेल्या, एका कुशीचे खवले उडालेले. कल्ले मात्र हलत होते. लेकीनं भोकाड पसरलं. बायकोनं मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आधी हात ओले करा. कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर म्हणजेच त्याचं चिलखत."

आईनं कपाळाला हात लावला. तो बुळबुळीतपणा घालवण्यात तिचा जन्म गेला होता.

दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे आशा होती. फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचा एक अवयव असतो आणि त्यानं तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. सियाममधल्या भातखाचरांच्या उथळ, कोंदट पाण्यात जगायची ही सोय. त्यामुळे कल्ले ओले असेपर्यंत तो बाहेरही तग धरतो. त्याच्या भावकीतला एक मासा तर जमिनीवर सरपटत चालतो. दाल्डॉर्फ नावाच्या डॅनिश लेफ्टनंटनं १७९१ साली तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला हा मासा ताडावर चढताना पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पुढच्या अभ्यासकांना ते काही पटलं नाही. मासा ताडावर कशासाठी चढेल, हे त्यांनी आमच्या कोकणात येऊन कुणालाही विचारायला हवं होतं.

उपचार ऐकून आम्ही चक्रावलो. लहान टबात क्लोरीन उडून गेलेलं शिळं पाणी, लिटरला ग्रॅम-दोन ग्रॅम जाडं मीठ, वरून झाकण आणि अंधार. एक-दोन दिवस खायला काही नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला त्रास द्यायचा नाही. शिळं पाणी पिंपात होतंच. पाणी भरून ठेवायच्या आमच्या सवयीला पहिल्यांदाच वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली. मिठाचं कारणही कळलं. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत शिरत राहतं. जखम झाली की जास्तच शिरतं, आणि मूत्रपिंडं ते उपसून दमतात. पाण्यात थोडं मीठ असलं की उपसा कमी होतो.

मीठ पडताना बघून आई हळदीचा डबा घेऊन आली. "मीठ घातलंस, मगे हळद कित्याक नको?"

"नको आई," बायको म्हणाली. "हळदीपर्यंत गेलो की पुढचं तिखट हात आपोआप घालेल."

उपासाची गोष्ट आईला अजिबात मानवली नाही. "आजारी माणसाक उपाशी ठेवतत?" म्हणत तिनं मऊ भाताची चार शितं वाटीत काढून आणली. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं म्हणतात, हे सांगितल्यावर तिनं तीन शितं परत ठेवली.

खरी अडचण 'त्रास द्यायचा नाही' या कलमाची होती. आमच्या इमारतीत आजारी पडणं ही खासगी बाब नाही. तळमजल्यावरचे नाना पहिले आले. त्यांनी टबावरचा टॉवेल उचलला, "अशक्त दिसतोय," म्हणाले आणि खुर्ची ओढून स्वतःच्या बायपासची हकिकत सुरू केली. ती पायातली शीर काढण्यापर्यंत आली तेव्हा पैलवान तळाशी जाऊन बसला. समोरच्या वहिनींनी शहाळं आणलं. ते कुणी प्यायचं हे स्पष्ट नसल्यानं नानांनी प्यायलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपल्या साडूच्या माशानं अशीच उडी मारली होती हे सांगितलं, तो कसा तडफडून गेला हेही सांगितलं आणि "काळजी घ्या" म्हणून चहा घेऊन गेले.

जाता जाता एकानं पिल्लू सोडलं, की घरावरचं संकट मासा आपल्या अंगावर घेतो. त्या क्षणापासून आईच्या लेखी पैलवानाचं स्थान बदललं. संध्याकाळी ती मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढायला उभी! मीठ तळणाआधी लागतं, औषधाला लागतं, दृष्टीलाही लागतं; एकाच माशावर त्याचे इतके उपयोग आमच्या घरात तरी कधी झाले नव्हते. मिरच्या निखाऱ्यावर पडताच घरभर ठसका उठला. हा मासा हवा घेणारा आहे हे आठवून मी टब उचलून बाल्कनीत पळालो.

बुधवारी बाजारात मासळीवाल्या मावशींचा सल्ला घेतला. पाण्याबाहेर पडलेल्या माशाला काय करतात?

"दादा, आमच्याकडं येतात ते सगळे पाण्याबाहेरचेच." मग त्यांना दया आली. "निवटी बघितलीस ना खाडीवर? चिखलात उड्या मारते, काय होत नाही तिला."

"मग पुढे?"

"पुढं कालवण."

शेपटीच्या कडेला कापसासारखी बुरशी दिसल्यावर दुकानदारानं मिथिलीन ब्लूची बाटली दिली. तिचा थेंब जिथं पडतो तिथं कायमचा राहतो. ऑफिसात माझं निळं बोट बघून साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे मतदान कधी झालं?" बुरशी गेल्यावर देशी बदामाचं वाळलेलं पान पाण्यात टाकायचं होतं. त्यातल्या टॅनिननं पाणी तांबूस होतं आणि जंतूंना थोडा आळा बसतो. खाली कंपाउंडमध्ये देशी बदामाचं झाड आहे. मी खाली वाकून स्वच्छ पानं निवडताना बघून वॉचमननं आदरानं झाडू पुढे केला.

खाणं सुरू करायची वेळ आली तेव्हा डासांच्या अळ्या उत्तम, असं कळलं. पालिकेची माणसं दर पावसाळ्यात आमच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत ज्या हमखास शोधून काढतात, त्या अळ्या लेकीनं बॅटरी घेऊन सगळ्या इमारतीत शोधल्या. एक सापडेल तर शपथ. शेवटी भिजवलेल्या दाण्यांवर भागलं.

हळूहळू शेपटीच्या फाटक्या कडेला काचेसारखा पारदर्शक पडदा दिसू लागला आणि मग त्यात निळा रंग भरत गेला. एका सकाळी आरसा दाखवताच पैलवानानं कल्ले फुगवले. श्रेय अर्थातच वाटलं गेलं. आईनं दृष्टीला दिलं, नानांनी आपल्या धीराला, वहिनींनी शहाळ्याला. माझं मत असं, की अंधार, उपास आणि एकांत यांच्यातून जे काही त्याच्या वाट्याला चोरूनमारून आलं, त्यावर तो बरा झाला.

म्हणून परवा मला ताप आला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं: पडदे ओढा, खायचा आग्रह नको, भेटायला कुणी नको. पैलवानाला जे केलं तेच करा.

आईनं पडदे सरकवले, पेजेची वाटी उशाशी ठेवली, नानांना फोन केला आणि व्हिक्सची डबी उघडली. मी पेटीकडे बोट दाखवलं.

"तेका छाती नाय, म्हणान सुटलो," ती म्हणाली. "बटणां काढ."