लिव्हर धरणारा माणूस

ब्रेकमधली हवा काढणं हे दोन माणसांचं काम आहे. गॅरेजमधलं पोट्टं चहा आणायला गेलेलं असलं, की दुसरा माणूस म्हणजे गिऱ्हाईक. अमरावतीत राजकमल चौकापासून बडनेरा रोडपर्यंत कोणत्याही टपरीवजा गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहा, हे दृश्य दिसेलच. इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ मोटारसायकलच्या हँडलशी वाकून उभे असतात, बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर. खाली चाकापाशी उकिडवा बसलेला मिस्त्री त्यांच्याकडे न बघताच हुकूम सोडत असतो. "दाबा काकाजी. सोडा. दाबा. आता धरा, सोडू नोका." हापिसात ज्यांच्या सहीसाठी लोकं दिवस दिवस खोळंबतात, ते काकाजी इथं मुकाट धरून उभे!

राजदूत आणि लूनाच्या जमान्यात ही पाळी कुणावर येत नव्हती. ब्रेक तारेवर चालायचा. लागेनासा झाला की नट दोन आटे फिरवायचा, हात पुसायचे आणि निघायचं. 1999 साली सीबीझेड आली, 2001 साली पल्सर आली आणि पुढच्या चाकावर चकचकीत डिस्क दिसू लागली. तारेची जागा तेलानं घेतली. तेल दाबून आक्रसत नाही, म्हणून वर बोटांनी दिलेला दाब खाली कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत पोचतो. सतराव्या शतकातला पास्कल हे सांगून गेला आहे आणि आमचा मिस्त्री त्याचं नावही न ऐकता तेच सांगतो. हवा मात्र आक्रसते. मुगाएवढा फुगा नळीत राहिला, तरी बोटांची सगळी ताकद त्याला चेपण्यातच खर्ची पडते. लिव्हर हँडलला जाऊन टेकतं आणि गाडी आपली चाललेलीच.

ब्रेकच्या सिलिंडरला सीलची नवी किट टाकल्यावर तर सगळा संसारच कोरडा असतो. सिलिंडर उघडून, सील बदलून (हे रबरी सील पेट्रोलमध्ये बुचकळणाऱ्याला मिस्त्री म्हणू नये, ते फुगतात) सगळं पुन्हा जोडलं, की वरच्या डबीत तेल ओतायचं आणि लिव्हर अगदी हलकं, बोटभरच हलवायचं. डबीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून बारीक बुडबुडे वर येतात, फुटतात, पुन्हा येतात. इथं घाई करणारा जोरजोरात लिव्हर मारतो आणि तेलाचा फवारा टाकीवर उडवतो. ब्रेकचं तेल रंग खातं, त्यामुळे लगेच पाण्याचा मग घेऊन धावावं लागतं.

बुडबुडे थांबले की खालची पाळी. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक तेल असलेल्या बाटलीत. वरच्यानं दाबून धरायचं, खालच्यानं पान्यानं निपल थोडं सैल करायचं, तेल आणि हवा फुसकन बाहेर, निपल बंद, आणि मगच वरच्यानं सोडायचं. क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा उलट्या पावली आत येते. डबीतलं तेल तळाला गेलं तरी तेच. निपल उघडताच हातातलं लिव्हर एकदम खाली बसतं आणि नवखा माणूस दचकून सोडून देतो. मग खालून आवाज येतो, "कायले सोडलं काकाजी? मी म्हनीन तवा सोडा लागते ना!"

वरच्याला काहीच दिसत नाही. नळीतून फुगे गेले की नाही, तेल स्वच्छ आलं की नाही, सगळी मौज खालच्याच्या डोळ्यांपुढे. लग्नात अंतरपाट धरणाऱ्याची गत हीच. सोहळा दुसऱ्यांचा, हात याचे दुखतात, आणि सांगितल्याशिवाय खाली करायची सोय नाही. ब्रेक चांगला झाला की लोक मिस्त्रीचा हात वाखाणतात. धरणाऱ्याचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मते अर्धी मजुरी त्याची आहे.

आणि हे काम आमच्याकडे टाळून भागत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं. डॉट 4 चं ताजं तेल 230 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलं झालं की ही हमी 155 वर येते. मे महिन्यात चिखलदऱ्याला जाणारे हजार-अकराशे मीटर उंचीवरून परतवाड्याकडे उतरतात, वळणावळणाला ब्रेक दाबत. डिस्क तापते, जुनं तेल आतल्या आत उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच चेपली जाते. इकडे अकोल्याच्या रस्त्याची वेगळीच तऱ्हा. जून 2022 मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एकपदरी हिशोबानं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. पळायची अशी जंगी सोय झाल्यावर थांबायची जबाबदारी ज्याची त्यानं बघावी.

इतकं करूनही एखादा फुगा हट्टी निघतोच. हवेला वर जायचं असतं आणि आपण तिला खाली ढकलत असतो, तर तिनं ऐकावं कशाला! ती वर नळी जिथं जोडलेली असते त्या बँजो बोल्टपाशी दडून बसते. मग तो बोल्ट फडकं धरून किंचित ढिला करा, किंवा मेडिकलमधून मोठी सिरिंज आणून खालून वर तेल भरा. आमच्या मिस्त्रीचा जालीम उपाय मात्र साधा. संध्याकाळी जुन्या ट्यूबची पट्टी कापायची, लिव्हर दाबून मुठीशी करकचून बांधायचं आणि शटर ओढून घरी जायचं. सकाळी पट्टी सोडली की उरलेसुरले फुगे वरच्या डबीत निघून जातात, असं तो सांगतो. लिव्हर बहुतेक वेळा कडक लागतंही.

"मंग काल मले कायले उभं ठेवलं बावा?" काकाजींनी विचारलं.

"तुम्ही होते म्हनून," मिस्त्री पट्टी गुंडाळत म्हणाला. "तसं पाह्यलं तं ट्यूबच बरी. तिले चहा पाजा लागत नाई."