पंधरवड्याचे पाच रुपये

सुरतेतल्या इच्छापोरच्या जेम अँड ज्वेलरी पार्कात शेठलोकांचा कोणावर विश्वास नसतो, आणि धंदा पाहता तो नसलेलाच बरा. हिरे घासायच्या घंटीवर बसलेल्या रत्नकलाकाराच्या बोटांवर एक कॅमेरा, पुडी मोजणाऱ्या मॅनेजरवर दुसरा, मॅनेजरवर नजर ठेवायला बसवलेल्या भाच्यावर तिसरा. खुद्द कॅमेऱ्यावर मात्र कोणाची नजर नाही. तो बसवणाऱ्या पोराने पासवर्ड 'अ‍ॅडमिन' ठेवला आणि शेठनी तसाच राहू दिला, कारण बदलायला तो वर दोनशे रुपये मागत होता.

असल्याच कॅमेऱ्यांवर २०१६ साली 'मिराई' नावाचा बॉटनेट, म्हणजे परक्याच्या हुकमाखालच्या यंत्रांचा ताफा, पोसला गेला. विशीतल्या तीन अमेरिकी पोरांचं हे अपत्य बासष्टेक ठरीव पासवर्डांची यादी घेऊन जगभर दारं ठोठावायचं. ऐन भरात सहा लाखांच्या आसपास यंत्रं त्याच्या दिमतीला होती. कॅमेऱ्याने चित्रीकरण थांबवलं नाही, की संप केला नाही. दिवसा शेठची चाकरी आणि सवडीने परक्याची. हुकूम येईल त्या संकेतस्थळावर सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं, नाहीतर जाहिरातींवर खोट्या टिचक्या मारायच्या. पैसे दोन्हीकडून मिळतात. कोणी स्पर्धकाचं दुकान पाडायला सुपारी देतो, तर कोणी आपलं पडू नये म्हणून हप्ता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघा भाडेवाल्यांनी दरपत्रकही काढलं : पन्नास हजार यंत्रं, दोन आठवडे, तीन ते चार हजार डॉलर. भागाकार करा. एका यंत्राला पंधरवड्याचे चार-पाच रुपये पडतात. सुरतेत या भावात कोणी जांभईसुद्धा देणार नाही, आणि ते चार-पाच रुपयेही शेठच्या गल्ल्यात येत नाहीत. वीजबिल मात्र येतं. दारात शेजाऱ्याने स्कूटर लावली तर भाडं मागणारा माणूस इथे जगातला सर्वांत उदार घरमालक ठरतो.

बरं, संगणकवाल्यांनी हसू नये. फुकटचा व्हीपीएन उतरवून घेणाऱ्यांची '९११ एस५' नावाच्या जाळ्यात अशीच भरती झाली. त्यांचे एक कोटी नव्वद लाख आयपी पत्ते चोरांना भाड्याने गेले. म्हणजे फसवणूक करणार दुसरा आणि पत्ता सापडणार तुमचा. अमेरिकेच्या आरोपपत्राप्रमाणे चालकाने यातून नऊ कोटी नव्वद लाख डॉलर कमावले आणि फेरारी घेतली. मे २०२४ मध्ये तो सिंगापुरात धरला गेला.

आपलं सरकार झोपलेलं नाही. फेब्रुवारी २०१७ पासून 'सायबर स्वच्छता केंद्र' चालू आहे, बॉट झाडायची साधनं फुकट देतं. (फुकट आहे म्हटल्यावर खरं तर गुजरातेत रांग लागायला हवी होती.) प्लेगनंतर सुरत एवढी घासूनपुसून निघाली की २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. पण त्या तपासणीत कोणी कॅमेऱ्याचा पासवर्ड विचारत नाही.

मिराईच्या तिन्ही पोरांना २०१८ मध्ये शिक्षा झाली. तुरुंग टळला, कारण त्यांनी एफबीआयला मदत केली होती. प्रत्येकी अडीच हजार तास समाजसेवा करायची, असा निकाल लागला. इच्छापोरचा कॅमेरा चोवीस तास जागा असतो. एवढी सेवा तो साडेतीन महिन्यांत उरकतो, तीही कुठल्या कोर्टाने न सांगता.