वाढत्या अंगाची सायकल

आमच्या धारूरात पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. सायकल काही शिवता येत नाही, ती चुलत्यांकडून येते. काळी, दणकट, मधे आडवी नळी आणि फ्रेम २४ इंची. (चाक २८चं. २४ ही फ्रेमची उंची, हे कळेपर्यंत माणूस मॅट्रिक होतो.)

दोन्ही पाय टेकवून उभं राहिलं की नळी आणि आपण यांच्यात दोन बोटांचं अंतर हवं. आमच्या बाबतीत ते उणे दोन बोटं होतं. टाचा हवेत आणि तोंड वेडंवाकडं.

"मिस्त्री, बसंल का हो हा?"

"न बसायला काय झालं?" म्हणत मिस्त्रीनं पाना उचलला.

सीट ठोकत ठोकत नळीला टेकवली. पाय पुरेनात. सीटच काढून नळीवर बारदान गुंडाळलं. तरी पुरेनात, आणि गुडघे हँडलला लागायला लागले. मग पायडलला दोन्हीकडून लाकडी ठोकळे, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून. आता पाय पोचले, पण वळणावर जरा कललं की त्यांच्याआधी ठोकळा रस्त्याला पोचायचा. फ्रेम काही आखडत नाही, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं बाकी सगळं हलवलं आणि प्रत्येक हलवण्याचे पैसे वेगळे लावले. वर, "वाढंल की पोरगं!"

राहता राहिलं हाफ पायडल. नळीखालून उजवा पाय पलीकडे, उजवी काख सीटवर, सायकल एकीकडे कललेली आणि आपण दुसरीकडे. सपाटीला हे जमतं. पण धारूर बसलंय बालाघाटाच्या माथ्यावर आणि तेलगावकडे उतरायचं तर घाट. समोरचा ट्रकवाला सायकलीच्या कोणत्या अंगाला माणूस आहे याचा अंदाज घेत थांबायचा. इथला किल्ला उभारणाऱ्या किश्वरखानालाही त्यात फार काळ बसता आलं नाही. त्याला निजामशाहीनं उठवलं, मला नळीनं.

आता मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. लेडीज सायकल, आडवी नळीच नाही! पुतणीला अशीच एक मिळाली. तिच्या धाकट्या भावालाही ती उंचीला अगदी बेताची आहे. पण तो पोरींच्या सायकलीवर बसत नाही. त्याला चुलत आजोबांची काळी हवी. परवा ती ढकलत त्याला मिस्त्रीकडं नेलं. मिस्त्रीनं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि फळीमागं हात घालत मला विचारलं,

"तुमचेच ठोकळे लावू, का नवे कापू?"