चांदी-मीमांसा, अर्थात सीटखालच्या धुराचा पंचावयवी विचार

न्यायशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक पर्वत भेटतो. त्या पर्वतावर धूर असतो आणि धुरावरून तिथे अग्नी आहे असे अनुमान काढायचे असते. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रहा'त तो धुमसता ठेवला आणि तो अजून धुमसतोच आहे. विझवला तर उदाहरण जाईल, म्हणून कुणी विझवत नाही.

प्रस्तुत लेखकाने या परंपरेत एवढीच भर घातली, की पर्वताच्या जागी स्वतःची मोटरसायकल ठेवली. स्थळ पुण्यातला टिळक रस्ता, वेळ लाल दिव्याची. शेजारच्या रिक्षावाल्याने प्रतिज्ञा मांडली, "ओ काका, गाडी पेटली!" हेतूही त्यानेच दिला, "सीटखालनं धूर येतोय ना!" पुढचे तीन अवयव, म्हणजे उदाहरण, उपनय आणि निगमन, मी उडी मारल्यानंतर हवेत पूर्ण केले. अनुमान करणारा नेमका पर्वतावरच बसलेला असेल तर काय, याचा विचार पूर्वाचार्यांनी केलेला दिसत नाही.

आता या धुराची वंशावळ पाहू.

मूळ पुरुष : उरलेली क्लिप

दिवाळीच्या आधी हेडलाइटचा बल्ब मी घरीच बदलला. काम झाले, दिवा लागला आणि हातात काळ्या प्लास्टिकची एक क्लिप उरली. उरलेल्या भागाविषयी दोन मते आहेत. एका पंथाच्या मते गाडी पुन्हा खोलावी. दुसऱ्या पंथाच्या मते कंपनीने एक जास्तीचा दिला असावा. मी दुसऱ्या पंथाचा. क्लिप खणात, किल्ल्या हरवलेल्या कुलुपांच्या सोबतीला गेली.

द्वितीय पिढी : वामावर्त दोष

पुढे गाडीचा फ्यूज उडू लागला. फ्यूज पंधरा अँपिअरचा, रंगाने निळा. पहिल्यांदा उडाला तेव्हा मी काकतालीय न्याय मानला: कावळा बसला, फांदी मोडली. दुसऱ्यांदा उडाल्यावर अन्वय-व्यतिरेक लावला. पार्किंगमधून निघताना हँडल पूर्ण डावीकडे वळवले की गाडी मरते; उजवीकडे वळवले तर ठणठणीत. व्याप्ती बिनचूक सापडली. पण तिच्यावरून मी काढलेला निष्कर्ष असा, की डावीकडे वळू नये. दहा दिवस मी गाडी मागून उचलून सरकवत बाहेर काढली. समोरच्या गॅलरीतल्या आजींनी "कंबर सांभाळ रे" असा पाठिंबाही दिला.

तृतीय पिढी : चांदी

तिसऱ्यांदा फ्यूज उडाला तो रविवारी. दुकाने बंद. तेव्हा स्मरली ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या: सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून फ्यूजच्या जागी खोचणे. ही चांदी वस्तुतः कागदाला चिकटवलेले ॲल्युमिनियम, पण परंपरेचा मान म्हणून तिला चांदीच म्हणायचे. मी सिगारेट ओढत नाही, तरी टपरीवरून अख्खे पाकीट घेतले. धूर काढण्याचे काम पुढे गाडीने केले.

इथे जेम्स जूल यांना साक्षीला बोलावणे भाग आहे. १८४१ साली त्यांनी दाखवून दिले, की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. चौपट प्रवाह तर सोळापट. फ्यूजमधली पट्टी मुद्दाम दुबळी ठेवलेली असते, ती एवढ्यासाठीच. ती आधी वितळते आणि मागची महागडी वायरिंग वाचते. चांदीची जाड घडी वितळायला तयार नाही. ॲल्युमिनियमचा वितळबिंदू ६६० अंश सेल्सिअस. मग वितळायची पाळी वायरवरच्या प्लास्टिकवर येते. त्याला एवढ्या तपश्चर्येची गरज नसते.

नैयायिक आणखी एक सावधगिरी सांगतात. धूर आहे तिथे अग्नी असतोच, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असे नाही. लाल तापलेला लोखंडी गोळा पाहा. माझी वायर चांदी लावल्या दिवसापासून तो गोळाच झाली होती. हँडल चुकून डावीकडे गेले की ती गपचूप तापायची. चांदी उडत नव्हती, म्हणून दोष गेला असे मी समजलो. प्रत्यक्षात दोष सांगणाऱ्याचे तोंड तेवढे बंद झाले होते. त्या दिवशी सिग्नलला दोन गाड्यांमधून पुढे घुसायला मी हँडल पूर्ण डावीकडे दाबून धरले आणि गोळ्याला धूर फुटला.

निगमन

मेस्त्रींनी टाकी उतरवली आणि बोट ठेवले. हँडलच्या मानेपाशी वायर सोलली होती. बॅटरीचे निगेटिव्ह टोक चासीला जोडलेले असते. उघडी वायर चासीला टेकली की झाला शॉर्ट.

"काका, इथं वायरिंग धरून ठेवायला क्लिप असते. ती कुठं गेली?"

मी मौन पाळले. शास्त्रात त्यालाही उत्तर मानतात.

मग त्यांनी फ्यूजची डबी पुसली आणि झाकण उलटे केले. झाकणाच्या आत, कंपनीने बसवलेल्या जागी, दुसरा निळा फ्यूज बसलेला होता.

"स्पेअर इथंच होता की!"

भाट्ट मीमांसक अनुपलब्धी नावाचे सहावे प्रमाण मानतात: जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून तिथे घडा नाही हे कळते. पण त्यांची एक अट आहे. घडा असता तर दिसलाच असता, अशा रीतीने आधी पाहिलेले असले पाहिजे. मी त्या डबीत दोन फ्यूज आणि एक चांदी बसवली होती, आणि तिन्ही वेळा झाकण दातांत धरले होते.