कृपया आहेर आणू नये

जेन्टू वापरणारा माणूस ओळखावा लागत नाही, तो न विचारता सांगतो. मीही सांगतोच. ही लिनक्समधली सोवळी शाखा. इथे प्रोग्राम तयार घ्यायचा नाही. मूळ कोड आणायचा आणि स्वतःच्या संगणकावर कंपाइल करायचा. (डिसेंबर 2023 पासून तयार पाकिटंही भरपूर मिळू लागली आहेत, पण आमच्यासारख्या कर्मठांत त्यांचं नाव काढत नाहीत.) पोर्टेज नावाचा कारभारी सगळं बघतो. आपण ‘इमर्ज’ म्हणायचं आणि पंख्याची घरघर ऐकत बसायचं. ब्राउझर असेल तर बसायचं नाही, सरळ झोपायचं.

एवढा उपद्व्याप कशासाठी, तर नको ते घरात शिरू नये म्हणून. ‘यूज फ्लॅग’ लावून ब्लूटूथ नको, छपाई नको, असं आधीच बजावता येतं. तरी चिल्लर फायली घुसतातच. संगणक सुरू होताना सेवा उठवायला माझ्याकडे ओपनआरसी आहे, पण जो तो प्रोग्राम त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या, सिस्टमडीच्या, फायली ठेवून जातो. जुन्या लॉगची आवराआवर करणारं लॉगरोटेट मी बसवलेलंच नाही, तरी त्याच्या नावाची फाइल ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरात हजर!

यावर जेन्टूच्या कर्त्या मंडळींचं धोरण ठरलेलं आहे: इवल्याशा फायलींसाठी वेगळा फ्लॅग ठेवायचा नाही. युक्तिवाद बिनतोड आहे, हेच त्याचं दुखणं. फ्लॅग ठेवला तर तो फिरवताच दोनशे बाइटच्या चिठ्ठीपायी अख्खा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा. त्यापेक्षा फाइल सगळ्यांनाच द्यावी. ज्याला खुपत असेल त्याने ‘इन्स्टॉल मास्क’ लावावा.

हा मास्क म्हणजे पत्रिकेवरची ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ. मेक डॉट कॉन्फ या पोर्टेजच्या सेटिंगांच्या फाइलीत एकदा छापली की झालं. आहेर येतो तो येतोच. प्रोग्राम पूर्ण कंपाइल होतो, फायली आधी एका तात्पुरत्या मांडवात रीतसर मांडल्या जातात आणि नको त्या तेवढ्या खऱ्या घरात जाताना दारात अडवल्या जातात. आधीच घरात बसलेल्या मात्र हलत नाहीत. त्यांना घालवायला प्रोग्राम पुन्हा इमर्ज करा. म्हणजे जे कंपाइल टाळायचं होतं, तेच!

पोर्टेजच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे माहितीपुस्तिकेत, गाळण्याजोग्या फायलींचं उदाहरण म्हणून ‘टूडू’ची फाइल दिली आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याची राहिलेली कामं! आपली स्वतःची काय कमी पडलीत?

आता बचतीचं बोलू. ईएक्सटी 4 या फाइल सिस्टमवर साधारणपणे फाइल कितीही चिमुकली असो, निदान 4 केबीचा एक ब्लॉक अडवते. अशा हजार फायली हुसकावल्या तर 4 एमबी सुटतात. फोनवरचा एखादा फोटो. हा हिशेब घरात कोणाला सांगू नये, विशेषतः रात्रभर पंखा चालू ठेवल्यावर.

मास्कला अपवादही चालतो: नावाआधी उणे चिन्ह दिलं की त्याला प्रवेश. आहेर नको, पण मामाचा चालेल. मी भाषांतरांचा सगळा फोल्डर बंद केला आहे, त्यात इंग्रजी आणि मराठी तेवढ्या उणे. मराठीच्या फायली दर वेळी मानाने आत येतात. मेनू मात्र मी इंग्रजीतच ठेवलाय, मराठीत लावला की मुलगा विचारतो, “बाबा, सेव्ह कुठे गेलं?” आणि मलाही शोधावं लागतं.